आडनावातलं गाव

केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर. ही यादी वाचल्यावर काय वाटतं? अलिबागच्या एखाद्या बँकेतल्या कर्मचाऱ्यांची असेल, नाहीतर शाळेच्या हजेरीपटातली. पण हीच आडनावं इस्रायलमधल्या घरांच्या दारांवरही सापडतात. ही मंडळी म्हणजे आपले बेने इस्रायल. रायगडच्या किनाऱ्यावर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कित्येक शतकं तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

मध्यंतरी चीनमधल्या कुळांबद्दल वाचत होतो, त्यावरून हे सगळं डोक्यात आलं. दक्षिण चीनमध्ये अख्खं गाव एकाच आडनावाचं असायचं. गावात पूर्वजांचं सभागृह आणि कुळाची वंशावळीची पोथी. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं अमेरिकेत, मलायात मजुरीला गेली आणि तिकडून पैसे पाठवत राहिली. ग्वांगडोंगमधल्या कायपिंगला त्या पैशांतून बांधलेले उंच बुरुजांसारखे वाडे आहेत. २००७ साली युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पैसे पाठवणाऱ्याचं नाव पोथीत असतंच, त्यामुळे त्याचा नातू शंभर वर्षांनी परत आला तरी आपली ओळ शोधून काढू शकतो.

आपल्याकडे तसली पोथी नाही. समाजात सांगतात की एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावला पुरलं. तिथं आता स्मारक आहे. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढची नावं मात्र पक्की मराठी वळणाची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जायचे. दिवेकर, म्हणजे मूळचे दिवेआगरचे.

इथं एक गंमत आहे. चिनी आडनाव रक्त सांगतं, कोकणातलं आडनाव पत्ता सांगतं. दिवेकर हिंदूही असतात, ज्यूही असतात, आणि त्यांचा आपसात काही संबंध असायलाच हवा असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ही प्रायमरी की नव्हे, नुसतं ॲड्रेस फील्ड. गावात तेवढ्यानं भागत होतं, कारण कोण कुणाचा हे अख्ख्या आळीला पाठ.

१९४८ नंतर ते भागेनासं झालं. त्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते, आणि पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं विवाह नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या. बेने इस्रायल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या आईची, आजीची, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा.

आता बघा. आडनाव येतं बापाकडून आणि प्रश्न आहे आईच्या बाजूचा. म्हणजे केहिमकर हे नाव कितीही जुनं असलं तरी त्यात उत्तर नाहीच. खरं तर चिनी पोथीनंही इथं हात टेकले असते, कारण जुन्या पोथ्यांत मुलींची नावं बहुधा नसतच. मग पणजीच्या आईचा पुरावा द्यायचा कुठून? तो पुरावा होता रेवदंड्याच्या, पेणच्या आळ्यांमध्ये, शेजाऱ्यांच्या आठवणीत. आणि ती आळी तर हजारो मैल मागे राहिलेली.

लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शनं आणि धरणी झाली. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. त्यानंतर सूचनेतून समाजाचं नाव निघालं. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या लोकांना हे ठरावानं मिळवावं लागलं, हे मला अजूनही पटत नाही.

आणि गावाकडे? अलिबागची इस्रायल आळी आहे, तिथलं मागेन आबोत सिनेगॉग आहे, रेवदंड्याला बेथ एल आहे. माणसं मोजकी. पण अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावर एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. इस्रायलहून लोक अजून तिथं येतात, नवस फेडतात. मलिदा करतात, म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. इस्रायलमध्येही आनंदाच्या प्रसंगी मलिदा होतो, तो तोच. तिथून निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचं नाव आहे ‘मायबोली’.

चिन्यांचं नातं पोथीनं आणि पैशानं धरून ठेवलं. यांच्याकडे ना पोथी, ना गावाकडे बांधायचे बुरूज. तरी पोह्यांच्या एका ताटानं आणि ‘कर’ या दोन अक्षरांनी बरंच काही तगलं. नातू हिब्रूत बोलतो, पण सही करताना गावाचं नाव लिहितोच.

तुमच्या आडनावात गाव असेल तर सांगा, शेवटचे कधी गेला होतात तिथं?