माशाच्या टाकीसाठी आरओ घेताना

मागच्या आठवड्यात द्राक्षाच्या फोटोत पाठीमागं काचेच्या टाक्या दिसल्या, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की हे काय नवीन. आमच्या सूनबाईचा उद्योग आहे तो. बचत गटातून ३० हजार उचलून तिनं सहा टाक्या केल्या आणि एंजल माशांची पिल्लं काढून सांगलीच्या दुकानांना द्यायला लागली. त्या टाक्यांसाठी आरओ बसवला. त्यात जे कळलं ते लिहितो, कारण सगळा विषय आपल्याच ओळखीचा आहे. पाणी, क्षार आणि प्रेशर.

आमच्या विहिरीचा टीडीएस उन्हाळ्याच्या तोंडाला १२००. म्हणजे ईसी साधारण १.९. ड्रीपच्या नळीला पांढरा थर धरतो, ॲसिड सोडल्याशिवाय भागत नाही. या पाण्यात मोठे एंजल जगत होते, पण अंडी पांढरी पडून जायची. चार वेळा अंडी घातली, चारही वेळा वाया. एंजल मूळचा अॅमेझॉन नदीकडचा, तिथलं पाणी मऊ आणि आंबट. आपलं जड आणि चुन्याचं. मोठा मासा सोसतो, अंडं सोसत नाही. भारी चोपण रानात मोठं झाड तग धरतं पण बी उगवत नाही, तसलाच प्रकार.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो, पाणी बघून मासा निवडा. गप्पी, मोली हे मासे जड पाण्यात मजेत राहतात. डास मारायला आरोग्य खातं हौदात गप्पी सोडतं ते काय आरओच्या पाण्यात सोडतं का? हौसेला एक टाकी ठेवायची असेल तर गप्पी घ्या आणि आरओचे पैसे वाचवा. माती परीक्षण न करता बाग लावत नाही, मग पाणी न मोजता मासा कशाला आणायचा? पण सूनबाईचं गिऱ्हाईक एंजलचं, आणि गटाचा हप्ता दर महिन्याला दारात.

तालुक्याला दुकानात गेलो तर दुकानदारानं काचेचं चकचकीत मशीन पुढं केलं. यूव्ही, तांबं, मिनरल, सगळं एकात. माणसाला प्यायला ठीक असेल. माशासाठी त्यातलं निम्मं नको. घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो. आपण क्षार काढायला पैसे द्यायचे आणि त्यानं परत आत सोडायचे! आम्ही साधा उघडा सेट घेतला. गाळाचा फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि बूस्टर पंप. दुसऱ्या एकानं सॉफ्टनर सुचवला. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. टीडीएस मीटरवर आकडा जवळपास तेवढाच राहतो. ज्यानं एसएआर ऐकलाय त्याला जास्त सांगायला नको.

बूस्टर पंप का लागतो? १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर, हे ड्रीपवाल्याला पाठ असतं. आमची वरची टाकी १५ फुटांवर, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मेम्ब्रेनला ४ किलोच्या आसपास पाहिजे. शिवाय पाणी जितकं खारं तितकं ते ढकलायला जास्त जोर लागतो. मेम्ब्रेनवर ७५ जीपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, २८४ लिटर. तो आकडा कंपनीच्या प्रेशरचा आणि २५ अंश पाण्याचा. थंडीत पाणी गार झालं की धार बारीक होते. मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलवू नका.

आता खरं भांडण. आरओ जेवढं चांगलं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट बाहेर टाकतो. आमच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी ती नळी बघितली आणि म्हणाल्या, "अहो, एप्रिलात वाडीवर टँकर येतोय आणि तुम्ही माशासाठी पाणी गटारात सोडताय व्हय?" बोलणं खरं होतं. सूनबाई गप्प उभी राहिली. मग आम्ही बसून हिशोब केला. सहा टाक्या, प्रत्येकी साधारण ५० लिटर. आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हणजे ७५ लिटर, त्यात आरओचं ६०. वाफ होऊन जातं त्याच्या भरपाईला २० धरा. आठवड्याला आरओचं पाणी ८० लिटर, आणि एकास दोन धरलं तर नासाडी १६० लिटर. त्या नासाडीचा टीडीएस १७५० च्या आसपास भरतो. म्हणून बागेला किंवा कुंडीला नाही घालायचं, क्षार साठत जातील. आम्ही बॅरल लावला. त्यातनं संडास, गोठा धुणं आणि परसातले दोन नारळ. नारळ खारं पाणी बरंच सहन करतो. म्हणजे विहिरीतनं जादा काही उपसावं लागत नाही, गोठ्याला जे पाणी लागायचंच ते आधी मशीनमधनं फिरून येतं. घरच्यांनी आठ दिवस बॅरलची पातळी स्वतः बघितली, मग बोलणं थांबलं.

नासाडी कमी करायला काही जण रिस्ट्रिक्टर बारीक करतात. जड पाण्यात हे करू नका. वाहून जाणारं पाणीच क्षार धुऊन नेतं, ते आवळलं की मेम्ब्रेनवर चुना बसतो, ड्रीपरसारखा. फरक एवढाच की ड्रीपर ॲसिडनं मोकळा होतो, मेम्ब्रेन बहुतेक वेळा फेकावा लागतो.

आरओचं निव्वळ पाणी माशाला घालायचं नाही. त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, तो एकदम घसरतो. विहिरीचं पाणी मिसळायचं. आमच्याकडं आरओचं ८० येतं. आठ बादल्या आरओ आणि दोन बादल्या विहीर, टीडीएस होतो ३०० च्या जवळ. अंड्यांच्या टाकीला विहीर आणखी कमी. वाफेच्या भरपाईला मात्र आरओचंच टाकायचं, कारण वाफ होते पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. बदल हळूहळू करायचा, एका दिवसात १२०० वरनं ३०० वर आणलं तर मासा आडवा होतो.

देखभालीला भिंतीवर वही टांगली आहे. दर रविवारी आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी, दोन्हीचा टीडीएस. नुसता बाहेरचा बघून उपयोग नाही, कारण विहीर मार्चला १२०० आणि मेमध्ये १५०० असते. म्हैसाळचं आवर्तन आलं की पुन्हा उतरते. टक्केवारी काढायची. १२०० चे ८० म्हणजे ९३ टक्के क्षार अडले. ८५ च्या खाली गेलं की मेम्ब्रेनची वेळ आली. मशीन बंद असताना क्षार हळूहळू पलीकडं झिरपतात, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी बॅरलात. नवीन मेम्ब्रेनचं पहिल्या तासाचंही तिकडंच.

गाळाचा फिल्टर डोळ्यांनी दिसतो, तपकिरी झाला की बदला. कार्बन दिसत नाही, तारखेनं बदला. पंचायतीचं नळाचं पाणी वापरणाऱ्यांनी कार्बनची जास्त काळजी घ्यावी. त्यात टीसीएल असतं. क्लोरीन मेम्ब्रेन खातं आणि माशाचे कल्लेही जाळतं. जलसुरक्षकाकडं ओटी टेस्टची बाटली असते. कार्बनमधनं आलेल्या पाण्यात थेंब टाकून बघा, पिवळं झालं तर कार्बन संपला.

पावसाळ्यात आम्ही मशीन जवळजवळ बंदच ठेवतो. गोठ्याचा पत्रा ४०० चौरस फूट. १० मिलिमीटर पाऊस झाला तरी ३७० लिटर पाणी उतरतं, तेही फुकट. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. शेजारच्या बागेत फवारणी झाली असेल तर त्या दिवसाचंही घ्यायचं नाही, कीटकनाशकाला मासा माणसापेक्षा कितीतरी नाजूक. मेम्ब्रेन सुकू नये म्हणून तीन-चार दिवसाला दहा मिनिटं मशीन फिरवायचं.

जीएच्या फवारणीला हे पाणी वापरू का, असं दोघांनी विचारलंय. पाणी चांगलंच आहे, पण एकराला ४०० लिटर लागलं तर ७५ चं मशीन दीड दिवस चालवावं लागेल आणि ८०० लिटर नासाडी. त्यासाठी मोठा प्लांट वेगळा.

पाचव्या खेपेची अंडी मिश्र पाण्यात घातली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई हाक मारत आली, "मामा, शेपट्या हलतायत." घरच्या चष्मा घेऊन माझ्याआधी टाकीपाशी. रुपयाच्या नाण्याएवढी झाल्यावर १४० पिल्लं दुकानाला गेली. सहावी खेप कालच पानावर चिकटवलीय.