नांवें ठेवणें

'नांवें ठेवणें' या आपल्या मराठी वाक्प्रचाराचे अर्थ दोन आहेत, हें वाचकांस सांगावयास नको. बारशाच्या दिवशीं आत्याबाई पाळण्यांतल्या बाळाचें ठेवतात तें एक. आणि शेजारच्या भाजीला, सुनेच्या माहेराला व अलीकडे नातवंडांच्या खेळांना आम्ही म्हातारीं माणसें ठेवतों तीं दुसरीं. बत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें या दुसऱ्या प्रकारांत माझा हात चांगला बसलेला आहे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या बारा वर्षांच्या नातवानें पहिल्या प्रकारांत माझी परीक्षा घेतली, आणि तींत मी साफ नापास झालों. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख.

आमचें घर मलकापूरचें, म्हणजे कऱ्हाडास लागून असलेल्या मलकापूरचें. सुटी लागली कीं माझ्या तिन्ही मुलांचीं मुलें येथें जमतात. पूर्वीं तीं विटीदांडू खेळत. आतां संगणकावर राज्यें उभारतात. त्या राज्यांत डोंगर, दऱ्या, राक्षस, जादूगार असें सर्व कांहीं असतें. गांवें मात्र ज्याचीं त्यानें वसवावयाचीं. एके दिवशीं दुपारीं नातू एका मोठ्या कागदावर काढलेला नकाशा घेऊन ओसरीवर आला आणि म्हणाला, "आजोबा, सात गांवें, दोन किल्ले, एक नदी आणि एक घाट, एवढ्यांना नांवें हवीं आहेत. दोन मीं ठेवलीं आहेत, झोर्गाथ आणि क्राल्दूम."

"हीं नांवें आहेत कीं खोकल्याची उबळ?" मीं विचारलें. "अर्थ काय यांचा?"

"अर्थ असलाच पाहिजे का?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर देण्याऐवजीं मीं नेहमींच्या संवयीनें तास सुरू केला. आंतून सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, सुटी आहे हो त्याला!" परंतु मास्तराचा तास सुनेनें थांबत नसतो.

तास एकतर्फी मात्र झाला नाहीं. असल्या खेळांतील पुष्कळ नांवें नातवाला पाठ होतीं, आणि माझ्या थोरल्या चिरंजिवाला त्यांच्या मूळ पुस्तकांचा नाद आहे. त्या दोघांकडून मला कळलें कीं, या सर्व काल्पनिक भूगोलाचा एक मोठा पूर्वज म्हणजे ऑक्सफर्ड येथील भाषाशास्त्राचे प्राध्यापक टोल्किन (1892–1973). यांनीं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही प्रचंड कादंबरी 1954–55 सालीं प्रसिद्ध केली. पण तींतील लोकांच्या भाषा, त्यांचें व्याकरण, धातु व प्रत्यय त्यांनीं त्याच्या कितीतरी आधींपासून रचावयास घेतले होते. भाषा आधीं आणि गोष्ट मागून, असा हा उलटा संसार! त्यांच्या दुष्ट राजाच्या देशाचें नांव मॉर्डॉर. त्यांनीं रचलेल्या भाषेंत त्याचा अर्थ 'काळी भूमि'. पण जुन्या इंग्रजींत 'मॉर्दॉर' म्हणजे खून, आणि तो शब्द आमच्या 'मृ' धातूचाच दूरचा भाऊ. पुढें 1974 सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला व त्यामागून संगणकावरचे खेळ आले. त्यांपैकीं एकांतील खंडाचें नांव टॅम्रिएल. त्याचा अर्थ म्हणे 'उषेचें सौंदर्य'. दुसऱ्या एका जपानी खेळांत (1997) मिड्गार नांवाचें नगर आहे. तें उत्तरेकडील जुन्या पुराणांतील 'मिड्गार्ड' या नांवावरून आलें. मिड्गार्ड म्हणजे मधलें आवार, मनुष्यांचा लोक. यांतला 'मिड' हा आपला 'मध्य', आणि 'गार्ड' हा शब्द आपल्या 'गृह' शब्दाच्या कुळांतला, असें भाषापंडित सांगतात. म्हणजे नातू ज्याला परकें समजत होता तें नगर 'मध्यगृह' निघालें. मला घटकाभर अमरकोश उघडून बसल्यासारखा आनंद झाला.

मग मीं आपलीं सप्तद्वीपें सांगितलीं. जंबु, प्लक्ष, शाल्मलि, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर. भोंवतीं खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा व गोड्या पाण्याचा असे सात समुद्र. पुराणकारांनीं नांवें कशीं ठेवलीं पाहा: येथें जांभूळ, तेथें पिंपरी, पलीकडे सांवर, कोठें दर्भ, बहुतेक द्वीपांवर जें मोठें झाड किंवा गवत, त्याचेंच नांव द्वीपाला. ऐकणारा त्या द्वीपावर कधींच जाणार नाहीं. पण सांवर त्यानें पाहिलेली असते, म्हणून शाल्मलिद्वीपही त्याच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. "काल्पनिक गांवाचें नांव," मीं नातवाला म्हटलें, "ओळखीच्या मातींत रुजलेलें असावें."

"मग आपल्या मातींतलीं सांगा ना," तो म्हणाला.

येथें मी खरा रंगांत आलों. आमच्या जवळच आगाशिवाचा डोंगर आहे; त्याच्या पोटांत बौद्धांची प्राचीन लेणीं आहेत. पायथ्याच्या गांवाचें नांव जखिणवाडी. जखीण म्हणजे संस्कृतांतली यक्षिणी. "तुमच्या खेळांत चेटकिणींचीं गांवें असतात," मीं म्हटलें, "आपल्याकडे यक्षिणीची वाडी आहे, आणि तिची शीव आपल्या शिवेला लागून आहे." पोराचे डोळे चमकले. मग कऱ्हाड घेतलें. सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयांत 'करहाटक' येतें; भारहुतच्या स्तूपावरील दोन हजार वर्षांहून जुन्या लेखांत तेंच नगर 'करहकट' या रूपानें कोरलेलें आहे. करहाट म्हणजे कमळाचा कंद. करहाटकाचें कऱ्हाड कसें झालें? दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' झाला आणि शेवटचा 'क' गळाला. जसा घोटकाचा घोडा झाला तसा. जोडाक्षर असेल तर तें सुटें होऊन आधींचा स्वर लांबतो: सप्त-सात, हस्त-हात, भक्त-भात. नातवानें हे नियम नकाशाच्या कोपऱ्यांत लिहून घेतले आणि सहज विचारलें, "आणि मलकापूर?"

"मल्लिकापुर," मीं तत्काळ सांगितलें. "मल्लिका म्हणजे मोगरा. मोगऱ्याचें गांव."

त्यानें पेन्सिलीनें कांहीं खरडलें, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "पण आजोबा, तुमच्या नियमानें 'ल्ल'चा 'ल' होऊन 'मा' दीर्घ व्हायला हवा आणि 'क' गळायला हवा. मग मलका कसें राहिलें?" आणि क्षणभर थांबून, "हें नांव तुम्हीच बनवलेंत का?"

वाचकहो, झोर्गाथला हंसणारा मी त्या वेळीं गप्प बसलों. कारण उत्तर 'होय' असें होतें.

चाळीस-एक वर्षांपूर्वींची गोष्ट. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, संस्कृत शास्त्रीबुवांपाशीं बसून शिकलेला, नोकरींत अगदीं नवा. एका समारंभास आलेल्या पाहुण्यांनीं गांवाच्या नांवाचा अर्थ विचारला. मला खरा शब्द सुचला नव्हता असें नाहीं. मलिक हा अरबी शब्द, अर्थ राजा किंवा धनी. मलिक अंबराच्या नांवांत आहे तोच. त्याचें स्त्रीलिंगी रूप मलिका, आणि बोलण्यांतलें मलका. बुलढाण्याकडे मलकापूर आहे, कोल्हापूरकडे शाहूवाडी तालुक्यांत मलकापूर आहे. या सर्व ठिकाणीं मोगऱ्याचे मळे होते असें कोण म्हणेल? पण आपल्या गांवाचें नांव अरबी शब्दावरून आलें असावें, हें माझ्या नव्या नव्या संस्कृताभिमानाला रुचलें नाहीं. तोंडांतून 'मल्लिकापुर' निघालें. टाळ्या पडल्या. पुढें तें शाळेच्या हस्तलिखितांत गेलें, मुलांच्या निबंधांत गेलें आणि माझ्या वर्गांतून तीस पिढ्या तें घेऊन बाहेर पडल्या. पुष्कळ वर्षें तेंच सांगतां सांगतां, आपण तें रचलें होतें ही आठवणही अंधुक झाली. खोट्याची खरी शिक्षा ही, कीं तें सांगणाऱ्यालाच प्रथम खरें वाटूं लागतें.

आणि तो अभिमान तरी किती पोकळ! पेशवे हा शब्द फारसी. आपल्या ओळखींत फडणीस, चिटणीस, सबनीस, मुजुमदार, पारसनीस हीं घराणीं नाहींत असा वाचक विरळा. तीं आडनांवें त्याच दरबारांतून आलीं, आणि तीं सांगतांना कोणाचीही मान खालीं जात नाहीं. मग गांवालाच मोगऱ्याचें सोंवळें कशाला?

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. विचार एकच घोळत होता: नांव रचणें हें पाप आहे काय? शिवाजीमहाराजांनीं रायरीचें नांव रायगड ठेवलें, भोरप्याच्या डोंगरावर किल्ला बांधून त्यास प्रतापगड म्हटलें, मुरुंबदेवाच्या डोंगरावरील गडाचें राजगड केलें. हीं नांवें ठेवलेलीं आहेत, आणि तीं कोणीं ठेवलीं हें जगजाहीर आहे. टोल्किनसाहेबांनीं मॉर्डॉर रचलें, पण तें नांव आपल्याला अमक्या शिलालेखांत सांपडलें असें कोणत्याही विद्यार्थ्यास शिकविलें नाहीं. नातवाचें झोर्गाथसुद्धां उघड उघड त्याचें आहे. ठेवलेलें नांव 'सांपडलें' म्हणून सांगणें, ही लबाडी त्या तिघांपैकीं कोणींच केली नाहीं. ती मीं केली.

दुसऱ्या दिवशीं मी एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. त्यानें हमरस्त्यालगत घर बांधलें तेव्हां वास्तुशांतीला मला मुद्दाम बोलावून, सर्व पाहुण्यांदेखत सांगितलें होतें कीं, घराचें नांव 'मल्लिका' ठेवलें आहे तें गुरुजींनीं शिकविलेल्या अर्थावरून. त्या दिवशीं मी लाडू खाऊन परत आलों होतों. आतां त्याच्या दारांतल्या संगमरवरी पाटीखालीं उभें राहून मीं त्याला सर्व सांगितलें. तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, गांवाचें नांव कोणीं कां ठेवलें असेना, घराचें मीं ठेवलें आहे, आणि कुंपणाला मोगरा लावला आहे. पाटी राहील. पण धाकटीनें हेंच शाळेच्या निबंधांत लिहिलें आहे. तिला मात्र तुम्हीच सांगा." त्यानें मुलीला बाहेर बोलावलें. नऊ-दहा वर्षांच्या पोरीपुढें मीं माझी चूक सांगितली. तिनें लक्षपूर्वक ऐकलें व विचारलें, "मग तुम्हांला कोणीच रागावलें नाहीं?"

"नाहीं बाळ," मीं म्हटलें. "म्हणूनच ती इतकीं वर्षें टिकली."

बाकीच्या विद्यार्थ्यांच्या दारीं आतां या वयांत मी किती जाणार? त्यांपैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर त्यांनीं हाच माझा निरोप समजावा: मलकापूर हें मोगऱ्याचें नाहीं, त्याच्या नांवाची घडण मलिक-मलका या शब्दाकडेच बोट दाखविते. आपल्या मुलांच्या वह्यांत दुसरें कांहीं असेल तर खोडावें.

सुटी संपली तेव्हां नातवाचा नकाशा पुरा झाला होता. घाटाच्या तोंडाशीं जखिणवाडी होती, नदीकांठीं करहाटक होतें, आणि झोर्गाथही आपल्या जागीं होता. त्याच्या अर्थाबद्दल मीं पुन्हा विचारलें नाहीं. सातवें गांव एका टेकडीवर, भोंवतीं पांढरे ठिपके काढलेलें. त्याखालीं ठळक अक्षरांत 'मल्लिकापूर' असें लिहिलें होतें, आणि त्याच्याखालीं बारीक अक्षरांत: 'नांव ठेवणार – आजोबा.'