घरच्या हळदीचा डबा

आत्तेभावाच्या अंगाची हळद उतरली नव्हती, तोच आत्याचा हुकूम निघाला: जेजुरी. खंडोबा आमचं कुलदैवत. त्याच्या पायाशी गेल्याशिवाय संसार सुरू झाला असं ती मानतच नाही. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. सकाळी आठलाच पायथ्याशी पोचलो.

गडाला लोकगीतांत नऊ लाख पायऱ्या आहेत, प्रत्यक्षात चारशेच्या आतबाहेर. नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही इथली रीत. आमचा गडी रोज जिमला जाणारा. तरी चौथ्या पायरीला धापा टाकू लागला. नवरी खुसखुसत म्हणाली, "आता मी उचलू का?"

अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागलं. खंडोबा म्हणजे मणि-मल्ल दैत्यांना मारणारा मार्तंड भैरव. चंपाषष्ठीचा उत्सव त्याच विजयाचा. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्याची थोरली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक. धाकट्या बाणाईसाठी देव धनगराघरी चाकर राहिला, मेंढरं राखली. म्हणजे धनगरांचा हा जावईच. होळकरही धनगरच; त्यांनी गडावर सढळ हातानं बांधकामं केली, ती उगाच नाहीत. म्हाळसा मात्र वर गाभाऱ्यात, देवाशेजारी. आत्या बाणाईपुढे जरा जास्तच रेंगाळली. "हिला अर्ध्यावरच ठेवली बघ," एवढंच म्हणाली.

वर दगडी फरशीसुद्धा पिवळी. पितळी पत्र्यानं मढवलेल्या मोठ्या कासवाजवळ तळी भरायला जागा मिळाली. ताम्हनात पान-सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. पाच जणांनी हात लावून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ते तीनदा उचललं. मग खोबरं-भंडारा उधळला. शेजारी एक वाघ्या, खंडोबाचा भक्त, दिमडी वाजवत होता. पाहता पाहता सगळ्यांची तोंडं सारखी पिवळी झाली, कोण कुठला काही ओळखू येईना.

थोड्या वेळानं माझं कपाळ चुरचुरू लागलं. खालून मीच विकत घेतलेली पुडी आत्यानं हातात घेतली, चिमूटभर भंडारा बोटांत चोळला, नाकाशी नेला. "हळदीचा वास कुठाय याला?" मग पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला. घरी दळलेली हळद. रंग जरा मळकट, पण झाकण काढताच वास आला.

जेजुरीला निघालात तर हळद घरूनच न्या. देवाला चालेल, आणि तुमच्या कपाळालाही.