मुदतबाह्य

2025च्या एप्रिलमध्ये मोबाइलवर एक बातमी दिसली. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या बालसुधारगृहांत आणि बालगृहांत लैंगिक अत्याचार सोसलेल्या 6,800 हून अधिक जणांशी 4 अब्ज डॉलरची तडजोड करायचं ठरवलं होतं. काही तक्रारी पार 1959पर्यंत मागे जाणाऱ्या. कॅलिफोर्नियाने 2020पासून तीन वर्षं जुन्या दाव्यांना मुदतीची अट लावली नव्हती, म्हणून हे जमलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मी ती बातमी तीनदा वाचली. हातातलं ग्रिल त्या दिवशी वाकडं जोडलं गेलं.

1994 साली मी तेरा वर्षांचा होतो. एसटी स्टँडमागच्या इमारतीतले पितळी नळ काढताना सापडलो आणि रिमांड होममध्ये गेलो. पाटीवर निरीक्षणगृह लिहिलेलं असायचं. पोरं, पोलीस, भेटीला येणाऱ्या आया, सगळे रिमांड होमच म्हणत. तिथल्या काळजीवाहकाला आम्ही ‘सर’ म्हणायचो. सर तळपायांवर मारायचे, कारण कोर्टात उभं केल्यावर तळपाय कुणी बघत नाही. हे मी बायकोला सांगितलंय, मित्रांना सांगितलंय, कधी हसतसुद्धा. दुसरी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. तिचं वर्णन इथेही करणार नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे. झेरॉक्सवाल्यांची रांग ओलांडली की जिना. तिथल्या वकील मॅडम माझ्याहून निदान बारा वर्षांनी लहान. मी म्हटलं, एका मित्राचं विचारायचंय. त्या म्हणाल्या, “बसा दादा. मित्राचं साल सांगा.”

साल ऐकून त्यांनी कागदावर एक उभी रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं, 14 नोव्हेंबर 2012. त्या दिवशी पोक्सो कायदा लागू झाला. रेघेच्या अलीकडे घडलं असतं तर वाट सरळ होती. मुलगा असो की मुलगी, संरक्षण सारखंच. निरीक्षणगृहातल्याच माणसाने केलं तर गुन्हा जास्त गंभीर. 2019च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला किमान 20 वर्षांची शिक्षा आहे. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे; संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याच्यावरही खटला. मूल मोठं होऊन पुढे कधीही तक्रार करू शकतं. नुसत्या छळाबद्दलही 2015च्या बाल न्याय कायद्याच्या 75व्या कलमाखाली संस्थेच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची कालमर्यादा नसते, त्यामुळे हेही पुढे कधीही मांडता येतं.

“पण तुम्ही रेघेच्या पलीकडे आहात,” त्या म्हणाल्या. मित्र केव्हाच गळून पडला होता.

नवा फौजदारी कायदा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही. राज्यघटनेचं 20वं कलम. माझ्यासाठी 1994चेच कायदे. साधी मारहाण म्हणजे फार तर एक वर्षाची शिक्षा आणि तक्रारीची मुदतही एकच वर्ष. तळपाय 1995 सालीच मुदतबाह्य झाले होते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा अठरा पूर्ण झाल्यावर फार तर तीन वर्षांत करायचा. एकविसाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर होतो, दावा हा शब्द मला जमिनीपुरता माहीत. उच्च न्यायालयात रिट करता येतं, कोठडीत जीविताच्या हक्काचा भंग झाला तर सरकारने भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने 1993च्या नीलाबती बेहेरा खटल्यात म्हटलंय. पण इतका उशीर का, हा प्रश्न तिथे पहिला येणार.

उरलं एक. भारतीय दंड संहितेचं कलम 377. त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत, म्हणून मुदत नाही. 1 जुलै 2024पासून आलेल्या न्याय संहितेत ते कलम नाही, पण जुन्या गुन्ह्याला जुनी संहिता लागू राहते. ते लागतं की नाही हे नेमकं काय घडलं त्यावर ठरतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं, शिपायाला बाहेर पाठवलं आणि एकच प्रश्न विचारला. मी खिडकीकडे बघून ‘हो’ म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मला त्याचं आजही हसू येतं आणि रागही येतो. जे मी चारचौघांत सांगू शकतो ते कायद्याला नको होतं. जे सांगता येत नाही तेवढंच मुदतीत बसत होतं.

माझी भीती मात्र वेगळी होती: नळांचं प्रकरण निघेल. दोन सरकारी शाळांची ग्रिलची कामं माझ्याकडे आहेत. मॅडम म्हणाल्या, बालपणीच्या प्रकरणामुळे कसलीच अपात्रता येत नाही, आणि बंद झालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नसते. त्यांनी खोटी आशा लावली नाही. “पुरावा म्हणजे मुख्यतः तुम्हीच. आणि तो माणूस जिवंत हवा. मेलेल्यावर खटला चालत नाही.” पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, हा क्रमही लिहून दिला.

आधी मी तिथे होतो हे तरी कागदावर हवं. माहितीच्या अधिकारात माझीच नोंद मागितली, दहा रुपयांचं तिकीट लावून. पहिलं उत्तर, अभिलेख जीर्ण. अपील केलं. मग नोंदवहीच्या पानाची एक छायाप्रत आली. नाव, वडिलांचं नाव, दाखल दिनांक. जमा वस्तू: रबरी चप्पल एक जोड, रोख चार रुपये. सोडल्याचा दिनांक. मी बोटांवर मोजले, 117 दिवस. शेवटच्या रकान्यात शेरा, ‘प्रकृती ठीक’, आणि खाली ज्याची सही आहे ती मी लगेच ओळखली.

छायाप्रत वर्कशॉपच्या कपाटात, बिलबुकांखाली ठेवलीय. मंगळवारी मॅडमकडे जायचंय. बायकोला सोमवारी रात्री सांगायचं ठरवलंय, लेक झोपल्यावर.