आईला सांभाळताना

आईच्या आजाराचं नाव डिमेन्शिया आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला त्यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. वयोमानानं माणूस विसरतंच, एवढीच माझी समजूत. तपासताना त्यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं. पहिलीच्या मुलांना घड्याळ शिकवण्यात जिची नोकरी गेली, त्या बाईंनी बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. मी नुसता कागदाकडे बघत राहिलो.

गोळ्यांनी काही काळ फरक पडेल, आजार बरा होणार नाही, हे ऐकून घरी आलो. संध्याकाळी दिवेलागणीला आई साडीचं गाठोडं बांधून दाराशी उभी. "मला घरी सोड, दादा वाट बघत असतील." दादा म्हणजे तिचे वडील. याला सनडाउनिंग म्हणतात; दिवस मावळताना वाढणारा गोंधळ, असं मी आपलं समजून घेतलं. नाव कळलं, पण करायचं काय ते कळेना. मार्ग दाखवला ब्युरोकडून आलेल्या मावशींनी. "जाऊ की आजी, एवढी मेथी निवडून देता का?" असं म्हणत त्यांनी जुडी पुढ्यात ठेवली. आईनं पानं टाकून दिली, काड्या नीट रचून ठेवल्या. मावशींनी काड्यांची परडी उचलली आणि "छान निवडलीत," म्हणाल्या. गाठोडं त्या दिवशी सुटलं.

मावशी दिवसाच्या. रात्र माझी. आई उठून कडी चाचपायची, गॅसपाशी जायची, मला "आपण कोण?" विचारायची. सकाळी डोकं जड. तिची वेणी घालताना हात थरथरायचे आणि तिच्यावर चिडायचो तेव्हा स्वतःचीच भीती वाटायची. एकदा गोंधळ दोन दिवसांत अचानक वाढला. आजारच पुढे सरकला असं मी धरून चाललो होतो, पण निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. औषधानं उतरला. अचानक बिघडलं तर आधी तपासणी, हे तेव्हा शिकलो.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या समाजसेविकेनं मला बाजूला बसवलं आणि 22 प्रश्नांचा कागद दिला. झरीट यांची प्रश्नावली. सगळे प्रश्न माझ्याबद्दल! स्वतःसाठी वेळ मिळतो का, राग येतो का, तब्येत ढासळली का. सांभाळणाऱ्याचा ताणही मोजतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझे गुण बघून त्या एवढंच म्हणाल्या, "रात्रीला माणूस शोधा."

हा कागद निदानाच्या दिवशीच घरच्यांच्या हाती पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ताई कराडहून नेहमी विचारायची, "काही लागलं तर सांग." मी नेहमी "काही नको" म्हणायचो. या वेळी सांगितलं, "शनिवारी रात्री ये, मला झोपायचंय." ती आली. आता दर शनिवारी येते.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर पेशंटच्या गोळ्यांइतकीच स्वतःच्या झोपेचीही सोय लावा. बोलायला कुणीच नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फिरवा. फोन चोवीस तास लागतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.