बारा वर्षांची नोटीस

जुनं खातं बंद करणं सोपं. जुन्या खातेदाराला ते पटवणं कठीण. आमचा पुतण्या नांदगावला घरी बसून पायथॉन या संगणकभाषेत चाचण्या लिहितो. तीत ‘असर्टइक्वल्स’ नावाचा तपासनीस होता. दोन आकडे जुळतात का, एवढंच पाहायचा. २०११ साली ३.२ आवृत्तीनं त्याला निवृत्तीची नोटीस दिली. त्याच वर्षी आपली पावलीही चलनातून गेली. त्याला प्रत्यक्ष घरी बसवलं ते २०२३च्या ३.१२नं. बारा वर्षं! एवढी मुदत आमच्याकडे थकबाकीदारालाही मिळत नाही.

शेपटीचा ‘स’ कापलेला ‘असर्टइक्वल’ जुन्यानव्या दोन्हींकडे चालतो. ‘असर्टरेजेक्स’ला मात्र जुनी २.७ ओळखत नाही. म्हणून पुतण्या आधी विचारतो, नवं नाव आहे का? नसेल तर जुन्यालाच नव्या नावाची पाटी लावतो.

१९५७ साली नवे पैसे आले, तरी आमची आजी शेवटपर्यंत ‘चार आणे’च म्हणाली. दुकानदाराला दोन्ही भाषा येत, म्हणून तिला मीठ मिळालं.

‘‘काका, २.७चा सांभाळ २०२०लाच संपला. आपण कुठवर सांभाळायचं?’’

म्हटलं, ‘‘शेवटचं गिऱ्हाईक खिडकीशी उभं आहे तोवर.’’