अण्णांच्या पेटीतला आवाज

अंबाजोगाई, जि. बीड

चि. सोनू,

डेट्रॉइटला मोटाऊन रेकॉर्ड कंपनीचं घर पाहून आलीस आणि विचारलंस, "मामा, आजोबांच्या ट्रंकेत कुत्र्याच्या चित्राची काळी तबकडी आहे, ती कुणाची?" गायक प्रल्हाद शिंद्यांची.

तुझ्या आजोबांकडं, म्हणजे आमच्या अण्णांकडं, भाड्यानं द्यायची मशीन होती: फोनो, अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि रेकॉर्डींची पेटी. लग्नाची सुपारी आली की सगळं बैलगाडीत चढायचं. भोंगा लिंबाच्या शेंड्याला बांधला की आवाज शिवारभर जायचा. सुई टेकवण्याआधी अण्णा रेकॉर्ड मऊ फडक्यानं अशी पुसायचे, की पाहणाऱ्यानं गप्पच बसावं.

पेटीत सिनेमाची गाणी पुष्कळ, पण फर्माईश यायची ती शिंद्यांची. गावातल्या मांडवात 'पाऊले चालती पंढरीची वाट', दत्ता पाटलांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठकांनी चाल लावलेलं. 14 एप्रिलला तीच मशीन वस्तीत जायची आणि तोच गळा भीमगीतं गायचा. तुझे पणजोबा माळकरी. शिंद्यांचा आवाज वर चढला की त्यांचे डोळे भरून यायचे. आणि झाडावर भोंगा बांधणारा गडी वस्तीतला, त्याला आमच्या ओट्यावर पाणी वरून ओतलेलं मिळायचं. आवाज घरात येत होता, माणूस दाराशी थांबत होता. हे मला अजून बोचतं.

शिंदे 1933 चे, मंगळवेढ्याचे. आईवडिलांबरोबर गातगातच वाढले. मंगळवेढा म्हणजे 1338 साली वेशीची भिंत कोसळून चोखोबा जिथं गेले ते गाव. चोखोबांची समाधी पंढरपूरला, पण विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर. ते देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे ज्या वाटेचं गाणं आज प्रत्येक वारकऱ्याच्या तोंडी आहे, ते गाणाऱ्याच्या समाजाला त्याच्या लहानपणी त्या वाटेच्या शेवटी दार बंद होतं. शिंद्यांच्या गाण्यातली विनवणी मला म्हणूनच वेगळी लागते. ती नुसती शिकलेली नाही.

तिकडच्या सोल गायकांचा गळाही चर्चमध्ये तयार झाला, तेव्हा तुला हे लगेच उमगेल. फरक एवढाच, की बेरी गॉर्डीनं 1959 मध्ये आपल्या माणसांसाठी मोटाऊन ही स्वतःची कंपनी काढली. शिंद्यांच्या मागं तसं कुणी नव्हतं. एचएमव्हीच्या, म्हणजे त्या कुत्र्याच्या चित्राच्या, तबकड्या कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात निघायच्या आणि इतक्या लांबून आपल्या बाजारात यायच्या. गायकाचं पोट खरं तर जत्रांतल्या आणि रात्र-रात्र रंगणाऱ्या कव्वालीच्या कार्यक्रमांवर.

पुढं कॅसेटा आल्या, अण्णांची मशीन बसली. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून तोच आवाज ऐकू यायचा. कोयते, भांडी, लेकरं आणि वर प्रल्हाद शिंदे. शेगावची पालखी आपल्या गावातून जाते तेव्हा आजही चहाच्या टपरीवर हेच गाणं लागतं.

23 जून 2004 ला शिंदे गेले. आषाढी आठवड्याभरावर आली होती, पालख्या वाटेत होत्या. आनंद, मिलिंद, दिनकर ही मुलं गायली, आता नातू आदर्श गातो.

तू आधी 'पाऊले चालती' ऐक, मग त्यांचीच भीमगीतं लाव. आवाज कुठं जास्त चढतो ते रविवारी फोनवर सांग. माझं आणि तुझ्या आईचं यावर अजून एकमत नाही.

तुझा,
मामा